खांडीच्या तोंडाशी तुझी जागा

बाबा, आज पहाटे भिकूकाका हाळी घालत आळीतून आला आणि आपल्या दारापुढे गप्प झाला. वरच्या घराचं नाव घेतलं, खालच्या घराचं घेतलं, मधलं आपलं तेवढं सोडलं. मी चुलीपुढे बसले होते. त्याची काठी अंगणाच्या कडेला टेकलेली ऐकली. तो जरा वेळ उभा राहिला, तेही कळलं. मग काठी पुढे गेली. तुला जाऊन महिना होत आला. रडून झालं, बारावं झालं, शेजारणींची भांडी घासून परत करून झाली. पण तू गेलास हे मला खरं कळलं ते त्या गप्प राहण्याने.

आता संध्याकाळ आहे. अंगाचा चिखल धुऊन बसले आहे आणि हात उचलवत नाही. तरी लिहिते, कारण तुझ्याशी बोलायला आता हीच एक वाट उरली. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. माझी छबी मोठ्याने वाचते आहे आणि तू ओट्यावर डोळे मिटून ऐकतो आहेस, असं समजते. निम्म्यात तू घोरायला लागशील, हेही समजते.

हाळी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पण तुझी नात मोठी होईल तेव्हा आपण कुठे असू, मला ठाऊक नाही. म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवते. आपलं गाव मुरब्याच्या अलीकडे खाडीच्या काठावर. आपली भातशेतं खाडीच्या पोटातच आहेत म्हटलं तरी चालेल. मधे एक मातीचा बांध, अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते तेव्हा पाणी कधीमधी बांध फोडतं. त्या भगदाडाला आपण खांड म्हणतो. खांड पडली की ओहोटी लागेल तसा बांधाचा कारभारी घरोघर कर्त्या माणसाचं नाव घेऊन हाळी घालतो, आणि घरटी एक माणूस बांधावर जातो. ज्या घरचा माणूस जातो ते घर गावात. ज्याचा जात नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही, कोणी दंड करत नाही. पुढच्या हाळीला त्याचं नाव घ्यायचं सोडतात, एवढंच. मग कोणाच्या खाचरातलं पाणी आधी काढायचं ते त्याला विचारत नाहीत, त्याचा बांध ढासळला तर सांगायला येत नाहीत. खालच्या आळीतली दोन घरं अशीच गेली. भिंती उभ्या आहेत, परसात शेवगा आहे, पण ती घरं गावात नाहीत.

आणि आज आपलं घर त्यांच्या रांगेत जाऊन बसलं. भिकूकाकाचा काही दोष नव्हता. घरात पुरुष माणूस नाही, मग नाव कोणाचं घ्यायचं?

माझ्या धाकट्या भावाने, शांतारामने, हे बाराव्या दिवशीच सांगितलं होतं. पानं उठली, लोक गेले, आणि तो तुझ्या खाटेवर बसून म्हणाला, "ताय, आता हितं कोन हाय? तू नि छबी सालवडला चला. खोली बारकी हाय, पन हाय. शेत अर्धेलीनं देऊ कोनाला तरी. तू बदली मागून घे बोईसरच्या शाळेत." त्याच्या बायकोनेही आग्रह केला, आणि तोंडदेखला नव्हता तो. मला ते पटलं होतं, बाबा. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? शाळेत चौघा वर्गांना एकटीने सांभाळायचं, घरी येऊन गुरं बघायची, विहिरीवरून पाणी आणायचं, आणि मग खाडीच्या पाण्याची धास्ती घेऊन झोपायचं. याचा मला कंटाळा आलेला आहे. सालवडला नळ आहे. मी म्हटलं होतं, दिवाळीनंतर बघू. मनात होय म्हणून टाकलं होतं.

तू असतास तर काय म्हणाला असतास? मला वाटतं, काहीच नाही. महत्त्वाचं काही आलं की तू बोलायचा नाहीस, बैलाशी बोलायचास.

एडवणहून मला घेऊन आलास तो दिवस आठवतो? छबीचे वडील तापाने गेले, मला विसावंही सरलं नव्हतं, पोर मांडीवर. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही घरात खाणारी तोंडं होती. तू गाडी जुंपून आलास, माझी पेटी गाडीत टाकलीस, सासऱ्यांना हात जोडलेस आणि निघालास. सबंध वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. ढवळ्याशी मात्र अखंड चालू होतं. "चल राजा. घर काय लांब नाय. परत घरी आलं तर आलं, लाजायचं कशाला? चारा हाय, पानी हाय. कोन काय बोलत नाय." माझं डोकं दुखत होतं, मी चिडून म्हटलं, "बाबा, त्या बैलाला कशाला समजावतोस, तो चालतोय की!" तू मागे वळून पाहिलं नाहीस. पाठच हलली थोडी. बैलाला लाजायचं काही कारण नव्हतं हे मला गाव जवळ आल्यावर उमगलं, आणि मग मी छबीच्या झबल्यात तोंड खुपसून रडले. तुला ते कळलं असणार. तू ढवळ्याला शीळ घातलीस.

पुढच्याच हंगामात तू मला पालघरला आत्याकडे नेऊन सोडलंस. सातवी राहिली होती ती कर म्हणालास. छबीला आपल्याजवळ ठेवलंस. आई तर माझ्या लहानपणीच गेलेली. दात येणारी पोर, तिची दुपटी, तिचा ताप, सगळं तू एकट्याने केलंस, आणि वर शेत, आणि दिवाळीनंतर माळावरचं गवत कापून त्याच्या गाड्या बोईसर टेशनावर भरून द्यायच्या. गवताच्या गाडीवर शेंड्याला फडक्याचा झोळ करून त्यात छबीला निजवायचास म्हणे. टेशनावरचे हमाल तुला विचारायचे, "काका, ये भी मुंबई जायेगी क्या?" तू सांगायचास, "नाय, ही साहेबीन हाय, माल बघाया आलेय." हे मला तू कधी सांगितलं नाहीस. हमालांनीच सांगितलं, मी मास्तरीण होऊन परत आले तेव्हा.

मास्तरीण! तो शब्द तोंडात घोळवायची तुला कोण हौस. दुसऱ्याच्या शेतात सावडीला गेलास, लग्नाला गेलास, मुरब्याच्या बाजारात मासळी घेतलीस, कुठेही काहीही विषय असो, तू तो खुर्चीपाशी आणायचास. "आमची मास्तरीन खुर्चीवर बसते. पाय भुईला टेकतात नि टेकत नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेतली ती खुर्ची एका पायाने लंगडी, तिच्याखाली कौलाचा तुकडा. बसलं की पोरं हसायची. पण तुला ते सांगून उपयोग नव्हता. तुझ्या लेखी मी खुर्चीवर बसले म्हणजे बसले.

त्यावरून आपली भांडणं झाली. रोज संध्याकाळी तू बांधावरून, नाहीतर शेतातून यायचास, ओट्यावर बसायचास आणि छबी करवंटीच्या तुकड्याने तुझ्या पोटऱ्यांवरचा वाळलेला चिखल खरवडायची. त्याचे पापुद्रे निघायचे आणि ती ते मोजत बसायची. मी शाळेतून येऊन पाण्याला निघालेली असायचे. मी म्हणायचे, "दमले बाई." तू म्हणायचास, "खुर्चीवर बसून मानूस दमतं?" मी म्हणायचे, "एक दिवस तू बस चौघा वर्गांपुढे, मग कळेल." तू म्हणायचास, "मंग तू एक दिवस ये नांगरावर." मी म्हणायचे, "येते!" आणि तू लगेच विषय बदलायचास. थट्टा होती ती, पण नुसती थट्टा नव्हती. मला खरंच राग यायचा. तुझं दमणं तेवढं दमणं, आणि माझं म्हणजे सावलीतलं? तू मात्र "दमलो" हा शब्द कधी उच्चारला नाहीस. मी कान देऊन ऐकलंय. "आज ऊन होतं" म्हणायचास. "बैल बसला" म्हणायचास. तुझ्यावर काही येऊ द्यायचा नाहीस.

बाकी तू काही साधू नव्हतास. तुला नव्याचा भारी सोस. तारापूरकडे वीजघराचं काम निघालं तेव्हा सगळं गाव घाबरलं, तू एकटा खूश झालास. शांतारामला तिकडे तूच चिकटवलंस. मला विचारलंस, "अनू म्हंजे काय गो?" मी सांगितलं, सगळ्यात बारीक कण, डोळ्याला न दिसणारा. तू विचार केलास आणि म्हणालास, "मंग त्याच्यापायी एवडा मोटा खड्डा कशाला?"  एका रविवारी तू छबीला खांद्यावर घेऊन तो खड्डा बघायला गेलास. कुंपणाबाहेर दिवसभर उभे राहिलात दोघे. तिला झोप लागली, तुझ्या डोक्यावर लाळ गाळत झोपली, तू हललाच नाहीस. घरी येऊन म्हणालास, "केवडं यंत्र! एका उचलीत आपल्या सगल्या आळीचं काम. मानूस नुसता बसून दांडा हलवतो." तुझ्या आवाजात हेवा होता. मी तेव्हा हसले होते. आज त्या यंत्राची आठवण झाली आणि हसू आलं नाही.

त्याच सोसापायी तू दगडाचा उद्योग केलास. तिकडच्या खाणीतून दोन गाड्या दगड आणलेस आणि त्या वर्षी पडलेली खांड मातीने नाही, दगडाने बुजवलीस. भिकूकाका ओरडत होता, "लखमा, दगुड पानी धरत नाय!" तू म्हणालास, "तिकडं इंजनेर दगुडच घालतात." दुसऱ्या भरतीला पाणी तुझ्या दगडांमधून शिट्ट्या वाजवत आत आलं, आणि तिसरीला दगड जागच्या जागी राहिले, दोन्ही बाजूंचा बांध मात्र गेला. एका खांडीच्या दोन झाल्या. तो ढीग अजून खाडीत आहे, ओहोटीला दिसतो. पोरं त्याला "लखमाचं वीजघर" म्हणतात. तूसुद्धा म्हणायचास. पाहुण्यांना नेऊन दाखवायचास. असा माणूस कुठे मिळतो, बाबा, आपल्या मूर्खपणाला पाहुणे नेणारा?

पण श्रावणातलं आपलं भांडण वेगळं होतं, आणि ते संपलं नाही.

तुला नागपंचमीपासून ताप होता. अंगात कणकण, छातीत घरघर. छातीचं तुझं दुखणं जुनं. तशात पौर्णिमेला खांड पडली आणि भिकूकाकाने दारात येऊन नाव घेतलं, "लखमा होऽऽ!" तू आतून ओ दिलीस आणि उठून लंगोट कसायला लागलास. मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "तू झोप. आज शाळेला सुट्टी आहे. आपल्या घरचं माणूस म्हणून मी जाते." तू म्हणालास, "जा. बायकांत टोपल्या वाह्यला जा." मी म्हटलं, "टोपल्या वाहिल्या तर घराचं माणूस धरतात का? मी तुझ्या जागेवर उभी राहणार."

तुझी जागा म्हणजे खांडीच्या तोंडाशी, भिकूकाकाच्या डाव्या हाताला. चिखल खणतात तिथपासून खांडीपर्यंत माणसांची रांग लागते, चिखलाचे गोळे हातोहात पुढे येतात, आणि तोंडाशी उभे असलेले ते मांडतात, पायाने दाबतात, तिवराच्या फांद्या घालतात, पुन्हा मांडतात. कमरेएवढ्या पाण्यात, ओढीत. तिथे बाई कधी उभी राहिली नव्हती.

तू म्हणालास, "तिकडं तू नाय."

"का?"

"नाय म्हंजे नाय."

"कारण सांग. बाईमाणूस म्हणून? भात लावताना बाईमाणूस चालतं, चिखलात वाकून वाकून पाठ मोडते तेव्हा चालतं, आणि इथे चालत नाही?"

"तसं नाय गो."

"मग कसं?"

 तापाने तुझे डोळे लाल झाले होते. तू म्हणालास, "इचार करून सांगतो." आणि माझ्या हाताखालून वाकून बाहेर पडलास. वाकताना तुला धाप लागली, तीही मला ऐकू आली.

त्या चिखलानेच तुला नेलं असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. डॉक्टरने सांगितलं की फुप्फुसं आधीच गेलेली होती. पण त्यानंतर तू बांधावर गेला नाहीस. खाटेवरून रोज विचारायचास, "पानी कुटवर आलंय?" मी सांगायचे, बांधाच्या खाली आहे. रोज मी तुला विचारणार होते, की काय रे, विचार झाला का? तुझी धाप बघून विचारत नव्हते. म्हणायचे, उतार पडू दे, मग चांगली भांडेन. एका दुपारी मी पेज गाळायला आत गेले, बाहेर छबी तुला पाढे म्हणून दाखवत होती. ती आत येऊन म्हणाली, "आये, आजा हूं म्हनत नाय." तुझा विचार करून झाला होता की नव्हता, ते तू बरोबर घेऊन गेलास. मला याचाच सगळ्यात जास्त राग आला. शेजारणींना वाटलं, मी दुःखाने बधिर झालेय. मी रागावले होते.

तर आज पहाटे.

काल पौर्णिमेच्या भरतीने पुन्हा तिथेच खांड पाडली. भात पिकत आलेलं, आठ-पंधरा दिवसांत कापायचं. खारं पाणी दोन भरत्या उभं राहिलं तर सगळं करपणार, आपल्या एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं. भिकूकाका आपलं दार टाकून पुढे गेला तेव्हा मी चुलीवरचं आधण तसंच ठेवून बाहेर आले आणि त्याला गाठलं.

"काका, आमचं घर राहिलं."

तो थांबला. मान वर केली नाही. "बापूस गेला तुजा, बाय. कोनाचं नाव घेऊ?"

"त्याचंच घे."

"मेलेल्या मानसाला हाळी घालीत नाय गो. चांगलं नसतं ते."

"मग माझं घे."

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. तो माझ्यापेक्षा जास्त अवघडला होता. म्हणाला, "शांताराम येल काय?"

"त्याची ड्यूटी आहे."

"मंग राहू दे यंदा. तुमचं घर दुखात हाय. कोन काय बोलनार नाय." अगदी मायेने बोलला तो. आणि गेला. कोणी काय बोलणार नाही! तेच तर होतं ना, बाबा. खालच्या आळीतल्या त्या दोन घरांनाही कोणी काही बोललं नव्हतं.

मी घरात आले. छबीला उठवलं, शेजारी सोडलं, शाळेत निरोप धाडला. लुगड्याचा काष्टा मारला. निघाले. मोठ्या निर्धाराने निघाले असं वाटेल, तसं काही नव्हतं. सालवडचा नळ डोळ्यांपुढे होता. वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं. पण घरात बसून ती हाळी आळीच्या टोकापर्यंत ऐकणं मला जमलं नसतं, म्हणून चालत राहिले.

तुला वाटत असेल, तुझी जागा त्यांनी रिकामी ठेवली असेल. नव्हती ठेवली. रांग सरकून जुळली होती. भिकूकाकाच्या डाव्या हाताला वरच्या घरचा दामू उभा होता. बायकांनी मला हाक मारली, टोपली पुढे केली. मी टोपली घेतली नाही. बांधावरून उतरले, पाण्यात शिरले आणि दामूला म्हटलं, "दामूदादा, सर जरा." त्याने भिकूकाकाकडे पाहिलं. रांग थांबली. कोणीतरी मागून म्हणालं, "मास्तरीन आली, आता बांधाला पाढे शिकवनार." हसले सगळे. मीही हसले असते, पण पायाखालचं पाणी ओढत होतं आणि माझं सगळं लक्ष उभं राहण्यात होतं.  भरती उलटायच्या आत काम उरकायचं होतं, भांडायला वेळ कोणाला होता? दामू सरला. गोळा आला.

बाबा, केवढा जड असतो तो! छबी जन्मली तेव्हा एवढी नव्हती. घ्यायचा, छातीशी धरायचा, वळायचं, वाकायचं, मांडायचा, पायाने दाबायचा, तोवर पुढला आलेला असतो. मी पहिला टाकला तर भिकूकाका खेकसला, "टाकू नको, ठेव." ठेवायला लागले. थोड्या वेळाने दंड भरून आले, मग खांदे, मग पाठीच्या मणक्यातून काहीतरी खाली उतरायला लागलं. मी वाट पाहत होते. इथे काहीतरी असणार, जे तू मला बघू द्यायचा नव्हतास. काही धोका, काही देवाचं, काही पुरुषांचं, ज्यासाठी तू दार अडवलेल्या पोरीच्या हाताखालून वाकून गेलास. सूर्य वर आला, मान भाजली, आणि मला तिथे काहीच दिसलं नाही. चिखल होता. पाणी होतं. आणि दमणं होतं, असं दमणं की रडूसुद्धा येत नाही, कारण रडायला लागतं तेवढंही बळ उरत नाही.

तेव्हा मला कळलं. एवढंच होतं ते. तुला तेवढंच माझ्यापासून लांब ठेवायचं होतं. खुर्ची, पालघर, सातवी, मास्तरीण मास्तरीण म्हणून गावभर मिरवणं, सगळं त्याचसाठी. घरात एक तरी माणूस असं असावं की ज्याला या तऱ्हेने दमायला लागू नये. तुला ते बोलता आलं नाही, कारण ते बोलायचं तर "दमलो" म्हणावं लागलं असतं. म्हणून "इचार करून सांगतो" म्हणालास. आणि मी तुझ्यापुढे रोज घागर घेऊन "दमले बाई" म्हणत होते, ते तुला कसं लागत असेल? की हसू येत असेल? मला आता विचारता येत नाही. पण तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं, हेही तितकंच खरं. भांडलेच असते.

ऊन डोक्यावर यायच्या आत खांड बुजली. भरती आली, बांधाला लागून उभी राहिली, आत आली नाही. सगळे जण काठावर बसले. आत शिरलेल्या पाण्याबरोबर आलेली मासळी खाचरांतून अडकली होती, ती पोरांनी धरून आणली. बोय होती, कोळंबी होती, चिंबोऱ्या होत्या. भिकूकाकाच्या पुतण्याने बांधावर तिचे वाटे घातले. मी मोजले नाहीत. आपला असेल की नसेल, ते मला बघवत नव्हतं. नसेल तर काय करायचं, तेही ठरवलं नव्हतं. बहुतेक काही न बोलता उठून आले असते आणि दिवाळीनंतर सालवडला गेले असते.

मग रीतीप्रमाणे भिकूकाका वाट्यांकडे पाठ करून बसला, कोणाला मोठा, कोणाला लहान असं म्हणायला नको म्हणून. पुतण्या एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारू लागला, "ह्यो कोनाचा?" आणि भिकूकाका पाठमोराच एकेक नाव घेऊ लागला. दामूचा. महादूचा. गणपतचा. तोही दमलेला होता, म्हातारा झालाय तोही, डोळे मिटून, मान खाली घालून, वर्षानुवर्षं ज्या ओळीने नावं घेतली त्याच ओळीने घेत होता.

"ह्यो कोनाचा?"

"लखमाचा."

पुतण्याची काठी तशीच राहिली.  भिकूकाकाला आपण काय बोललो ते मागाहून कळलं असावं, कारण त्याची पाठ एकदम ताठ झाली. तोच सकाळी म्हणाला होता, मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. कोणी खोकलं. कोणी तरी "अरे देवा" म्हणालं. शब्द परत घे असं त्याला म्हणायचं की काय, कोणालाच कळेना.

मी म्हटलं, "ओ."

  पुढे गेले, पदर पसरला आणि वाटा त्यात घेतला. भिकूकाकाने वळून पाहिलं नाही. वळला असता तर दोघांनाही जड गेलं असतं. खाडीकडे बघतच म्हणाला, "उद्या पन ये, बाय. वरचा थर राह्यलाय." मग पुतण्यावर ओरडला, "थांबला काय? पुडचा ठेव." आणि नावं पुन्हा सुरू झाली.

मी उद्या जाणार आहे. शांतारामला निरोप पाठवला आहे की आमची वाट बघू नको, सुट्टीला तूच ये. छबीने कोळंबीचं कालवण पोटभर खाल्लं आणि झोपली. मला दोन घासही गेले नाहीत. अक्षर बघ कसं वेडंवाकडं झालंय ते.

दमले, बाबा. खुर्चीवरचं नाही, तुझं दमणं दमले. सगळी हयात हे करून संध्याकाळी तू छबीला हसवायचास कुठून, तेवढं मला सांगायला तरी थांबायचं होतंस.